उसाच्या फडातला सेन्सर आणि वाट्याचा हिशेब

२०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीच्या ऊस उत्पादकांचे उदाहरण जगासमोर ठेवले. इलॉन मस्क यांनीही त्याला दाद दिली. आपल्या भागातल्या कामाची अशी दखल घेतली गेली याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने सुरू केलेला हा प्रयोग खरोखर कौतुकाचा आहे. जमिनीतला ओलावा सेन्सर मोजतो, वर उपग्रहाचा डोळा असतो, हवामान केंद्राची नोंद असते, आणि या सगळ्यातून पाणी कधी द्यायचे, खत किती टाकायचे, रोग कुठे येतो आहे, हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळते. पहिल्या टप्प्यात सुमारे एक हजार शेतकरी त्यात आले.

कौतुक झाल्यावर हिशेबाचाही एक प्रश्न विचारायला हवा. आपल्याकडे शेत वाट्याने द्यायचे असेल तर बोलणी आधी होतात. बियाणे कोणाचे, खत कोणाचे, पाणीपट्टी कोण भरणार, मजुरी कोणाच्या अंगावर, आणि शेवटी माल कसा वाटायचा. अडाणी म्हणवली जाणारी माणसेसुद्धा ही बोलणी चोख करतात. दूरसंचार आणि माहिती तंत्रज्ञानात गुंतवणूक आली की मात्र आपण ही बोलणी करायचीच विसरतो. कंपनी आली, टॉवर आला, अॅप आले, एवढ्यावर समाधान मानतो. या धंद्याचा गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो की गरीब मुलखात अशी गुंतवणूक तिथेच रुजते, जिथे मिळकतीचा आणि माहितीचा काही वाटा गावात राहतो.

एसटीडी बूथ आठवा. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, तिने धूळ आणि उकाडा सोसणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंजेस बनवली. तंत्रज्ञान देशी होते, पण ते गावोगाव पोचले ते पिवळ्या पाटीच्या बूथमुळे. बूथ देताना अपंग, विधवा, माजी सैनिक यांना प्राधान्य होते. प्रत्येक कॉलमागे बूथवाल्याला कमिशन मिळे. त्यामुळे टेलिफोन खात्याची कमाई वाढली तशी गावातल्या एका कुटुंबाची चूलही पेटली. बूथ चालू राहावा, लाइन बंद पडली तर लगेच तक्रार व्हावी, यात त्या माणसाचा स्वतःचा फायदा होता.

शेजारच्या बांगलादेशात १९९७ मध्ये ग्रामीणफोन सुरू झाले. नॉर्वेची टेलिनॉर आणि ग्रामीण बँकेशी जोडलेली संस्था यांची ती भागीदारी होती. गावातल्या बाईने बँकेचे कर्ज काढून मोबाइल घ्यायचा आणि मिनिटाच्या हिशेबाने गावाला बोलायला द्यायचा. पुढे घरोघर फोन आले आणि त्या बायकांची कमाई आटली, हेही खरे. पण सुरुवातीची वर्षे त्यांनी तो धंदा उभा केला. त्याच सुमाराला, १९९८ मध्ये, सुदानचे मो इब्राहिम यांनी आफ्रिकेत सेलटेल काढली. ज्या देशांत पैसा बुडेल म्हणून मोठ्या कंपन्या जात नव्हत्या तिथे त्यांनी टॉवर उभे केले. २००५ मध्ये ती कंपनी कुवेतच्या एमटीसीने ३.४ अब्ज डॉलरला घेतली, आणि २०१० मध्ये आपल्या एअरटेलने तोच आफ्रिकेतला पसारा १०.७ अब्ज डॉलरला विकत घेतला. गरीब माणूस फोनवर पैसे खर्च करणार नाही ही समजूत तिथे कायमची मोडली. त्याला गरज असते, आणि तो दहा-दहा रुपये करून रोख मोजतो.

फोनमुळे गरिबाच्या हातात नेमके काय पडते याचा एक नीट अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या मच्छीमारांचा हिशेब मांडला. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या किनाऱ्यावर मोबाइल आले. तोपर्यंत बोट ज्या बंदराला लागेल तिथला भाव घ्यावा लागे. एका बंदरात मासे फेकून द्यायची वेळ येई आणि थोड्या अंतरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परते. फोन आल्यावर समुद्रातूनच भाव विचारता येऊ लागला. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासा ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाला. आपल्या भिगवणच्या मासळी बाजारात उजनीचा मासा लिलावाला येतो. तिथल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. भाव कळला की माल कुठे न्यायचा हे ठरवण्याची मुभा मिळते. केरळच्या त्या फोनमध्ये कुठलेही खास अॅप नव्हते. मच्छीमाराला हवी ती माहिती, हवी त्या वेळी, त्याच्याच हातात होती, इतकेच.

आता याच्या उलट उदाहरण उसाचेच घेऊ. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत, ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी पैसा घातला. गावोगाव संगणक केंद्रे आली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण अशी सगळी माहिती तिथे मिळणार होती. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिले, तर संगणक मुख्यतः कारखान्याच्या कामाला लागले होते. उसाची नोंद, वजन, खताची उचल, खात्याचा हिशेब, एवढेच. वीज आणि दुरुस्तीचा खर्च मात्र पूर्ण संगणकाचा. मग मायक्रोसॉफ्टच्याच बंगळुरूच्या संशोधन विभागाने सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस लावून पाहिले. काम भागले, तेही कमी खर्चात. शेतकऱ्यांनी त्या एसएमएसवर विचारले ते स्वतःच्या उसाचे वजन आणि खात्याचे आकडे. म्हणजे सगळा सरंजाम बाजूला केल्यावरही त्यांना हवी होती ती हीच साधी माहिती.

हा धडा बारामती-इंदापूरला लागू होतो, कारण आपलीही सगळी अर्थव्यवस्था उसाभोवती फिरते. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. एकीकडे नीरेचा कालवा, दुसरीकडे उजनीचे पाणी. कारखान्याकडे शेतकऱ्याची सगळी माहिती असते: लागण कधीची, जात कोणती, क्षेत्र किती. २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने ऊस नोंदणीचे मोबाइल अॅपही आणले. ही सगळी माहिती खालून वर जाते. वरून खाली काय येते?

शेतकऱ्याला हंगामात दोनच गोष्टींची धास्ती असते, तोड कधी येणार आणि काट्यावर वजन किती भरणार. कृत्रिम बुद्धिमत्ता सांगेल की अमुक आठवड्यात तुमच्या उसात साखर भरपूर आहे, आता तोडा. पण तोडीची पाळी ठरते कारखान्याच्या शेती खात्यात, चिटबॉयच्या वहीत आणि मुकादमाच्या टोळीच्या सोयीने. पाळी लांबली की उसाला तुरा येतो आणि वजन घटते. पाळी लवकर यावी म्हणून एकरी खुशाली मोजावी लागते, ती वेगळी. सेन्सरने वाढवून दिलेले टन इथे गळून जातात. म्हणून नवे यंत्र शेतात रोवण्याच्या आधी, निदान त्याच्यासोबत, तोडणीचे पाळीपत्रक प्रत्येक सभासदाच्या मोबाइलवर उघडे झाले पाहिजे. माझ्या पुढे कोण आहे, माझ्या मागच्याचा ऊस माझ्या आधी का गेला, हे त्याला दिसले पाहिजे. याला ना उपग्रह लागतो ना ऑक्सफर्ड.

तीच गोष्ट वजनाची. काट्यावर गाडी चढताच आकडा शेतकऱ्याच्या मोबाइलवर यावा, आणि तोच आकडा तोडणी करणाऱ्या टोळीलाही जावा. बीड-अहिल्यानगरकडून येणाऱ्या त्या कोयत्यांना मजुरी टनावर मिळते, आणि त्यांचा सगळा हिशेब मुकादमाच्या तोंडी असतो. मोबाइल त्यांच्याकडेही आहे, महिन्याचे रिचार्ज तेही भरतात. त्यांच्या कष्टाचा आकडा तेवढा त्यांच्या फोनवर येत नाही.

आता पैशाचे. एआयच्या या ऊस प्रयोगाचा खर्च हेक्टरी २५ हजार रुपये धरून त्याची जी वाटणी जाहीर झाली, तीत शेतकऱ्याचे ९ हजार, कारखान्याचे ६,७५० आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे ९,२५० होते. कारखाना शेतकऱ्याचाच आहे असे मानले, तर निम्म्याहून जास्त भार त्याच्यावरच आहे. जमीन त्याची, पीक त्याचे, आणि त्या शेतातून रोज निघणारी माहितीही त्याचीच. मग ती माहिती कोणाच्या मालकीची हे कागदावर लिहिले आहे का? ती विमा कंपनीला, बँकेला, खतवाल्याला देताना त्याला विचारणार का? उद्या तो प्रकल्पातून बाहेर पडला तर त्याच्या शेताचा तीन वर्षांचा रेकॉर्ड त्याला परत मिळणार का? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माणसाच्या माहितीला काही आधार दिला आहे. पण शेताच्या मातीची आणि पाण्याची माहिती करारातच पक्की करावी लागेल. या माहितीला किंमत नाही असे कोणी म्हणू नये. २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समधल्या ९.९९ टक्के हिश्श्यासाठी ४३,५७४ कोटी मोजले आणि गुगलने ७.७ टक्क्यांसाठी ३३,७३७ कोटी. एवढा पैसा टॉवरच्या लोखंडासाठी कोणी ओतत नाही. तो ओतला गेला कोट्यवधी ग्राहकांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी.

शेवटचा वाटा माणसांचा. ग्रामपंचायतीत संगणक बसले, भारतनेटची केबल आली, आणि त्यावर काम करणाऱ्या संगणक परिचालकांना वर्षानुवर्षे सात हजारांच्या आत मानधन मिळाले, तेही थकून. त्यासाठी त्यांना मुंबई-नागपूरला आंदोलने करावी लागली. दुसरीकडे बारामती, इंदापूर, भिगवणच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीची दुकाने पाहा. जमीन नसलेल्या घरांतली पोरे तिथे भिंग लावून बसलेली असतात, त्यात आमची मुसलमान पोरे बरीच. सर्किट बोर्ड त्यांना तळहातासारखा पाठ आहे, पण प्रमाणपत्र नाही आणि बँक दारात उभी करत नाही. शेतातला सेन्सर बिघडला तर पुण्याहून माणूस येण्याची वाट बघायची की या पोरांना शिकवून, पगार देऊन तालुक्यातच ते काम सोपवायचे? एसटीडी बूथचा अनुभव दुसऱ्या वाटेने जायला सांगतो.

मागण्या मोठ्या नाहीत. तोडीची पाळी उघडी करा. वजन शेतकऱ्याला आणि टोळीला लगेच कळवा. शेताच्या माहितीचा करार मराठीत, दोन पानांत, मालकी स्पष्ट लिहून करा. देखभालीचे काम तालुक्यातल्या मुलांना द्या. आपले कारखाने सहकारी आहेत, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते, आणि अहवालाची पुस्तिका प्रत्येक सभासदाला मिळण्याचा हक्क आहे. यंदा त्या पुस्तिकेत एआयवर किती खर्च झाला याचे पान असेल, तर तिथेच उभे राहून वाट्याचा प्रश्न विचारायला हरकत नाही.