फ्लेमिंगोंना खाडी दिली, पण भरतीच्या वेळी त्यांनी जायचं कुठे?

20 मे 2024 च्या रात्री घाटकोपर परिसरात विमानाची धडक बसून 30 हून अधिक फ्लेमिंगो मेले. चार दिवस हळहळ झाली. मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये ती रामसर यादीतही आली. पण हे पक्षी खाडीतल्या चिखलात ओहोटीलाच चरतात. भरतीने चिखल बुडाला की त्यांना टेकायला जवळची उथळ तळी लागतात. नेरुळचा डीपीएस तलाव त्यापैकीच एक. तो अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. त्याच्या भरतीच्या पाण्याची वाट अडली, तेव्हा तिथेही फ्लेमिंगो दगावले.

स्थानिक नागरिक आणि पर्यावरण संस्थांनी हा विषय सोडला नाही. एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या सुमारे 30 एकर तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. 1883 साली स्थापन झालेल्या बीएनएचएसने तर आधीच बजावलं होतं की, ही तळी बुजली तर पक्षी विमानतळाकडे वळतील. म्हणजे इथे प्रवाशांचा जीवही पणाला लागतो.

एक तलाव वाचवून भागणार नाही. खाडीभोवतालच्या इतर पाणथळ जागांनाही कायद्याचं संरक्षण हवं, अशी आमची मागणी आहे. याच बीएनएचएसमध्ये हयात घालवलेल्या डॉ. सालिम अलींचा आपण अभिमान बाळगतो. मग अशा संस्थांचे सभासद होऊन, भराव दिसताच तक्रार नोंदवणंही आपलंच काम आहे.