धक्का आपल्याला, गल्ला त्यांचा

जाहिरातीने लक्ष वेधून घ्यावे, यात गैर काही नाही. मंडईतला भाजीवालासुद्धा आरोळी ठोकतोच. पण आरोळी ठोकणे वेगळे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालून त्याला थांबवणे वेगळे.

१९९२ साली इटलीच्या बेनेटन कंपनीने डेव्हिड कर्बी या एड्सग्रस्त अमेरिकन तरुणाचे मृत्युशय्येवरचे छायाचित्र जाहिरातीत वापरले. शेजारी शोकाकुल कुटुंब आणि वर कंपनीचे नाव. विकायचे कपडे कुठेच नाहीत. जगभर गदारोळ झाला. घरच्यांनी मात्र संमती दिली होती. या रोगाचे खरे रूप लोकांना कळावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या भावनेविषयी मला शंका नाही. तरीही प्रश्न उरतो : ते छायाचित्र पाहून गलबललेल्या माणसाने पुढे काय करायचे? स्वेटर घ्यायचा?

आपल्याकडे १९९५ मध्ये टफ शूजच्या जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण अंगाभोवती अजगर घेऊन, केवळ बूट घालून उभे राहिले. मुंबईत खटला झाला आणि २००९ मध्ये ते निर्दोष सुटले. आज अजगर अनेकांना आठवतो. बूट किती जणांना आठवतात?

मग धक्का सर्वस्वी वाईटच का? मला तसे वाटत नाही. २०१६ पासून आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग आरोग्याच्या इशाऱ्याने व्यापलेला असतो. ते चित्र किळसवाणे खरेच. पण ते पाकिटातल्याच वस्तूचे फळ दाखवते आणि काय सोडायचे तेही सांगते. अर्थात नजर सरावते, म्हणून तीही चित्रे ठरावीक मुदतीने बदलावी लागतात.

खोट्या धक्क्याला मात्र क्षमा नसावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक अभिनेत्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारल्याची बातमी पसरवली गेली. दुसऱ्याच दिवशी ती समोर आली आणि हे सारे जनजागृतीसाठी केल्याचे तिने सांगितले. ज्या घरातली आई, बहीण त्याच आजाराने खरोखर गेली, त्या घराने हे कसे सोसायचे? आणि उद्या खरी सूचना आली, तर तिच्यावर विश्वास कोण ठेवील?

घरात अशी जाहिरात आली की मुलांना डोळे मिटायला सांगून भागत नाही. त्यापेक्षा त्यांना विचारावे : या चित्राचा त्या वस्तूशी संबंध काय? उत्तर सापडले नाही, तर आपले दचकणे कुणाच्या तरी गल्ल्यात जमा झाले, असे खुशाल समजावे.