पायांचे गाव

थंड हवेच्या गावांची कीर्ती बहुधा तेथे काय मिळते यावरून पसरते. महाबळेश्वर म्हटले की स्ट्रॉबेरी आठवते, लोणावळा म्हटले की चिक्की. माथेरानची कीर्ती मात्र तेथे काय नाही यावरून झालेली आहे. तेथे मोटार नाही. दस्तुरी नाक्यावर लक्षाधीशाची गाडी आणि नेरळची भाड्याची टॅक्सी शेजारी शेजारी थांबतात, आणि त्यांतून उतरलेली मंडळी एकाच तांबड्या धुळीत पाय घालून गावाकडे निघतात. समतेवर व्याख्यान देण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आहे!

आम्हां नवी मुंबईकरांना या ‘नाही’चे अप्रूप अंमळ अधिकच. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आमचे शहर आधी कागदावर व मागाहून खाडीकाठच्या भातखाचरांवर उभे राहिले. रस्ते ऐसपैस झाले. पण शंभर पावलांवरच्या दुकानी कोथिंबिरीची जुडी आणायलाही गाडीची किल्ली शोधण्याची सवय आम्हांला लागली. अशा माणसाला पूर्वेच्या डोंगरावरील तो सपाट माथा खुणावीत असतो. नावही किती सरळ! माथ्यावरचे रान, म्हणून माथेरान.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने हा डोंगर चढून गेले, आणि त्यांनी माथेरानचा ‘शोध’ लावला असे पुस्तके सांगतात. ठाकूर आणि कातकरी या रानात आधीपासून वावरत होते, त्यांना आपण हरवलो आहोत हे तोवर ठाऊक नव्हते! पुढे १८५५ साली गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येऊन गेले, बंगले उठले आणि कड्याकड्यांना लुइझा, गार्बट अशी नावे चिकटली. १९०७ साली आदमजी पीरभॉय या घराण्याच्या खटपटीने नेरळहून एकवीस किलोमीटरची, दोन फूट रुंदीची आगगाडी वर आली. पावसाळ्यात ती नेरळपासून बंद असते. दिवाळीच्या सुमारास तिची शिटी पुन्हा ऐकू येण्याची वाट गाव पाहत असते.

माथेरानला पाहायचे काय, असे कोणी विचारले की मी म्हणतो, चालायचे. पहाटे पॅनोरमा पॉइंटच्या वाटेला लागावे. जांभूळ-अंजनाच्या गर्द सावलीतून पाऊलवाट वळते, आणि एकाएकी झाडे संपून पायांखाली दरीच दरी उघडते. सायंकाळी पॉर्क्युपाइनवर जावे. समोर प्रबळगडाचे थोराड अंग, त्याच्या मागे बुडता सूर्य. पावसाळ्यात याच कड्यांवरून शेकडो पांढऱ्या धारा खाली झेपावतात. पश्चिमेकडच्या धारांचे पाणी गाढी नदीला मिळते, आणि या नदीवरच्या देहरंग धरणातून ते पनवेलच्या नळाला येते. आपण ज्याला धबधबा म्हणून टाळ्या वाजवतो, तोच पुढे आपल्या घरी हंडाभर पाणी होऊन येतो.

पण पॉर्क्युपाइनच्या कठड्याशी उभे राहून नजर सूर्यावरून थोडी खाली आणावी. तळाशी पनवेल तालुक्यातले धोदाणी हे गाव दिसते. तेथली माणसे दूध आणि भाजीपाला घेऊन याच कड्याच्या वाटेने वर चढत आलेली आहेत. आपल्या चहात पडलेले दूध कोणाच्या डोक्यावरून आले, हे चहा पिताना कोण विचारतो?

मोटार नसलेल्या गावाचे हेच गुपित आहे. ओझे नाहीसे होत नाही; ते फक्त माणसाच्या अंगावर येते. आपण पायी चालण्याचे सुख घेतो तेव्हा आपली बॅग हमालाच्या डोक्यावर असते. ज्यांना चालवत नाही, किंवा चालायचेच नाही, त्यांच्यासाठी हातरिक्षा होत्या: एकजण पुढून ओढणारा, एकदोघे मागून ढकलणारे, आणि वर बसून निसर्गशोभा पाहणारा. चढण अडीच-तीन किलोमीटरची. २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले, रान वाचले, आणि ते योग्यच झाले. पण माणसाला जुंपून राखलेल्या शांततेला शांतता म्हणावे काय?

रिक्षा ओढणाऱ्यांनीच हा प्रश्न न्यायालयात नेला. डिसेंबर २०२२ मध्ये विजेवरच्या रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. घोडेवाल्यांनी विजेच्या रिक्षांना विरोध केला. त्यांच्याही घरी चूल आहे, तेव्हा त्यांना नुसती नावे ठेवून भागणार नाही.

याच गावात १९१२ साली एका गरीब नाभिक घरात भाई कोतवाल जन्मले. वकील झाले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात इंग्रजांच्या गोळीने पडले. ज्या मातीने असा माणूस दिला, तिथे माणूस जनावरासारखा जुंपला जाणे एवढी वर्षे चालले, हे खटकायलाच हवे.

काही रसिकांना भीती वाटते की विजेच्या मागून उद्या पेट्रोलही वर येईल. स्वित्झर्लंडातल्या झेरमॅट गावाचे उदाहरण पाहावे. प्रवाशांच्या मोटारी अलीकडच्या गावी राहतात, आत विजेच्या छोट्या गाड्या फिरतात, आणि गावाची शोभा उणी झालेली नाही. नियम चाकाचा नसतो, माणसाच्या शहाणपणाचा असतो.

तेव्हा यंदा सुट्टीत वर जाणार असाल तर एवढेच करावे. रिक्षा म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, शाळेच्या पोरांसाठी सोडावी. हमालाशी दोन रुपयांची घासाघीस करू नये. आणि ज्याचे पाय धड आहेत त्याने निमूटपणे चालावे. माथेरानने आपल्याला चालायला शिकवले. दुसऱ्याच्या पायांची किंमतही ओळखता आली, तर तो धडा पुरा झाला म्हणायचा.