द्राक्षमळ्याची सहल आणि जोयड्याची वाडी

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की घराघरांत प्रवासाचे बेत शिजू लागतात. पूर्वी हे बेत कुलदैवताच्या दर्शनाचे, आजोळच्या आंब्या-फणसांचे, फार तर थंड हवेच्या ठिकाणाचे असत. आता त्यांत नाशिकच्या द्राक्षमळ्यांची भर पडली आहे. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर करावे आणि एक दिवस वाइन चाखण्यासाठी राखून ठेवावा, असा हा बेत. त्याला नाके मुरडणारे आहेत, तसे त्याचे कौतुक करणारेही आहेत. आमच्या मते दोघांनीही हा व्यवहार आधी नीट समजून घ्यावा. कारण त्यात प्रवाशाने शिकण्यासारखे थोडे आणि जोयड्यासारख्या तालुक्याने शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम ऋतूची गोष्ट. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी मुख्यत्वे जानेवारी ते मार्च या महिन्यांत होते. एप्रिलमध्ये वेलींची खरड छाटणी होते आणि फळासाठीची छाटणी पुढे ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे मे महिन्यात मळ्यात जाणाऱ्या पाहुण्यास घडांनी लगडलेला मांडव दिसत नाही. दिसते ती नुकती फुटलेली पालवी, पोलादी टाक्या, ओकच्या लाकडाची पिंपे आणि चाखण्याचे टेबल. हे ठाऊक असेल तर निराशा होणार नाही.

दुसरी गोष्ट विवेकाची. चाखणे आणि पिणे या दोन भिन्न क्रिया आहेत. चाखणारा पेला दांडीशी धरतो, रंग पाहतो, वास घेतो, घोटभर तोंडात घोळवतो आणि वाटल्यास समोरच्या भांड्यात थुंकूनही टाकतो. त्यात कमीपणा नाही. पांढरी वाइन आधी आणि तांबडी नंतर, हा साधारण क्रम. वाइनमध्ये बारा ते चौदा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो; तेव्हा उपाशीपोटी आणि भर दुपारच्या उन्हात हा उद्योग करू नये, पाणी भरपूर प्यावे. महाराष्ट्रात एकवीस वर्षांखालील व्यक्तीस वाइन देता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालवणे हा गुन्हा आहे. म्हणून गाडी हाकणाऱ्याने चाखूच नये. बाटली उन्हात तापलेल्या गाडीत ठेवली तर ती बिघडते, आणि परवान्याविना परराज्यात नेली तर मालकच अडचणीत येतो.

आता मुख्य मुद्दा. नाशिकची ही कीर्ती जुनी नव्हे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात राजीव सामंत अमेरिकेतून परतले आणि गंगापूर धरणाच्या परिसरात त्यांनी वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून करात सवलत दिली. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. परंतु २००८-०९ च्या मंदीने हा डोलारा हादरला. अनेक शेतकऱ्यांच्या द्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही आणि काहींनी वेली उपटून टाकल्या. त्या पडझडीतून एक धडा मिळाला: केवळ बाटलीवर विसंबून चालत नाही. ‘सुला’ने २००५ सालीच चाखण्याचे दालन उघडले होते, आणि पाहुण्याला मळ्यापर्यंत आणण्याची ही रीत पुढे इतरांनीही उचलली. वेलीवर एकही घड नसताना पाहुणा मळ्यात येतो आणि पैसे मोजतो, हे त्या रीतीचे फलित!

उलट जोयड्याकडे पाहा. ज्या दिवसांत नाशिकच्या वेली विश्रांती घेत असतात, त्याच दिवसांत इथल्या वाड्या फळांनी भरतात. मार्च ते मे काजूचे बोंडू, त्यामागोमाग भिरंड, फणस आणि जांभळे. पाहुण्यांचीही वाण नाही. काळी नदीच्या पाण्यावर होड्या हाकण्यासाठी गणेशगुडीस, जंगल पाहण्यासाठी काळी व्याघ्र प्रकल्पात शहरांतले लोक येतच असतात. पण ते शेतकऱ्याच्या वाडीवरून जातात, वाडीत येत नाहीत. बी काढून घेतली की बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजतात. ज्या तालुक्याने सुपा धरणासाठी आपले ठाण्याचे गाव पाण्याखाली जाऊ दिले, त्याने पिकलेले फळही मातीतच घालावे काय?

शेजारच्या गोव्याने काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवून दिले. मग जोयड्यातही भट्ट्या पेटवाव्यात, असे कोणी सुचवील. आम्हास ते मान्य नाही. कर्नाटकाने २००७ साली सारायी बंद केली, ती दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांचा आक्रोश ऐकून. फेणीत सुमारे बेचाळीस टक्के मद्यार्क असतो. ती वाइन नव्हे. शिवाय चाखण्याचा आनंद मद्यार्कावर अवलंबून नाही. ताजा नीरो, भिरंडाचे सरबत, रानचा मध, कुणबी बंधूंनी पिढ्यान्पिढ्या जपलेले कंद – एवढे पदार्थ एका मांडवाखाली चव सांगत, झाड दाखवत मांडले, तर तो दिवस कोणत्या द्राक्षमळ्याहून उणा ठरेल?

त्यासाठी मोठ्या भांडवलाची आवश्यकता नाही. नीरो काही तासांतच आंबू लागतो, म्हणून रस टिकवण्याची छोटी सामायिक सोय हवी. शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था हवी. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या नियमांत राहून पाहुण्यास वाडीत नेण्याची सुटसुटीत परवानगी हवी. कर्नाटकाने २००७ साली द्राक्षांसाठी स्वतंत्र वाइन धोरण आखले. त्याचा लाभ विजापूर-बागलकोट आणि नंदीच्या परिसरास झाला, तो व्हावाही. पण द्राक्षांसाठी धोरण आखता येते, तर बोंडू आणि भिरंडांसाठी का येऊ नये?

नाशिकला जाणाऱ्यांनी खुशाल जावे, संयमाने चाखावे. मात्र पेल्यात काय होते यापेक्षा तो पेला शेतकऱ्याच्या अंगणात कसा आला, हे पाहून यावे. पुढच्या काजूच्या हंगामापूर्वी जोयड्यातल्या दहा वाड्यांनी जरी पाहुण्यासाठी मांडव घातला, तरी ती सहल सार्थकी लागली असे आम्ही म्हणू.