मामा म्हणजे वडील, पुआसा म्हणजे रोजा

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी आणि मलेशियाची राजधानी क्वालालंपूर ही नावे आता आपल्या घरांना परकी राहिलेली नाहीत. कोणाची मुलगी डॉक्टरकीसाठी तिबिलिसीला असते, कोणाचा मुलगा शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मलेशियात. वर्गात इंग्रजी चालते, म्हणून तिथली भाषा शिकायची गरज नाही असे पालक धरून चालतात. पण वॉर्डातला म्हातारा रुग्ण दुखणे सांगतो ते जॉर्जियनमध्येच. मग पालक म्हणतात, “आमच्या मुलांची आधीच मराठी-उर्दूत ओढाताण, त्यात आणखी एक भाषा?” या दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे हा प्रश्न आम्हाला वारंवार ऐकावा लागतो. आज त्याचे उत्तर जॉर्जियन आणि मलय या भाषांकडूनच घेऊ.

या दोन भाषांचे आपसात नाते नाही. जॉर्जियन कॉकेशस पर्वताच्या कुशीतली. तिचे कुटुंब छोटे, सख्ख्या बहिणी तीनच: स्वान, मिंग्रेलियन आणि लाझ. मलयचा गोतावळा मात्र समुद्रभर पसरलेला. फिलिपाइन्सपासून आफ्रिकेजवळच्या मादागास्करपर्यंत तिचे नातेवाईक सापडतात.

आधी जॉर्जियन. तिची स्वतःची लिपी आहे, अक्षरे ३३. वाक्य मोठ्या अक्षराने सुरू करायची भानगड नाही आणि जसे लिहिले तसे वाचायचे. गंमत अशी की तिच्यात ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई! भीती वाटते ती जोडाक्षरांची. कुस्ती किंवा फुटबॉल शिकवणाऱ्याला ‘म्त्स्व्रत्नेली’ म्हणतात. पण उच्चारांची निम्मी तयारी आपल्या घरात झालेली असते. ‘चूल’मधला च आणि ‘चंद्र’मधला च वेगळा, हे मराठी मुलाला शिकवावे लागत नाही, जॉर्जियनमध्ये या दोन उच्चारांना निरनिराळी अक्षरे आहेत. ख़ आणि ग़ हे घशातले उच्चार तिथे रोजचे आहेत आणि क़ाफच्या जवळचाही एक आहे. उर्दू नीट शिकलेल्या मुलाला ते जमतात. श्वास अडवून झटक्याने सोडायचे काही उच्चार तेवढे नव्याने शिकावे लागतात.

व्याकरणात तर मराठीच धावून येते. ‘कात्सी’ म्हणजे माणूस. ‘माणूस खातो’ म्हणताना ‘कात्सी’, पण ‘माणसाने खाल्ले’ म्हणताना ‘कात्समा’. हा ‘मा’ म्हणजे आपला ‘ने’. उर्दूतही ‘ने’ आहे, पण तिथे ‘मैंने खाया’ म्हणावे लागते. मराठीत ‘मी खाल्ले’, ‘तू खाल्लेस’. मी आणि तू यांना ‘ने’ लागत नाही. जॉर्जियनमध्येही ‘मे’ (मी) आणि ‘शेन’ (तू) यांना तो लागत नाही. शेकडो इंग्रजी पुस्तके वाचूनही जी खोच परक्याला अवघड जाते, ती आपल्या सहावीतल्या मुलीच्या तोंडात बसलेली आहे. अवघड भाग क्रियापदाचा: ‘मिक़्वारख़ार’ या एका शब्दात ‘तू मला प्रिय आहेस’ हे सगळे वाक्य मावते.

मलयचे क्रियापद याच्या उलट, अगदी गरीब स्वभावाचे. ‘माकान’ म्हणजे खाणे. मी, तू, ती, आम्ही, कोणीही खावो, शब्द बदलत नाही. काल खाल्ले की उद्या खाणार, ते वेगळा शब्द जोडून सांगायचे. मलयची श्रीमंती आहे शब्द घडवण्यात. ‘आजार’ या मूळ शब्दापासून ‘बलाजार’ म्हणजे शिकणे, ‘मंगाजार’ म्हणजे शिकवणे, ‘पलाजार’ म्हणजे विद्यार्थी आणि ‘पलाजारान’ म्हणजे धडा.

इथेही दोन्ही किल्ल्या चालतात. मलयमध्ये ‘आम्ही’साठी ‘कामी’ आणि ‘आपण’साठी ‘किता’. ऐकणारा धरून की वगळून, हा फरक मराठीत आहे. उर्दूत दोन्हीकडे ‘हम’. याउलट मलयची जावी नावाची जुनी लिपी अरबी अक्षरांची आहे, ती उर्दू वाचणाऱ्याला लवकर लागते. तेरेंगानूच्या जावी शिलालेखावर हिजरी ७०२, म्हणजे इसवी सन १३०३ ही तारीख आहे. आज रोजचे लेखन रोमन लिपीत चालते.

वारांची नावे पाहा. मलयमध्ये सोमवार ‘इस्निन’, बुधवार ‘राबू’, गुरुवार ‘ख़मीस’; म्हणजे अरबीतले दोन, चार, पाच. जॉर्जियनमध्ये तेच वार ‘ओर्शाबाती’, ‘ओत्ख़्शाबाती’, ‘ख़ुत्शाबाती’. हेही दोन, चार, पाच, शनिवारपासून मोजलेले. जुन्या उर्दूतले दोशंबा आणि पंजशंबा याच घडणीचे. आपला बाजार जॉर्जियनमध्ये ‘बाज़ारी’ होतो आणि मलयमध्ये ‘पासार’.

आता ज्या शब्दांवर आम्हाला थांबावेसे वाटते ते. मलय मुसलमान रोजाला ‘पुआसा’ म्हणतो. हा आपला ‘उपवास’. जन्नत म्हणजे ‘शुर्गा’, जहन्नम ‘नराका’, गुनाह ‘दोसा’ आणि सवाब ‘पाहाला’: स्वर्ग, नरक, दोष, फल. संस्कृतातले हे शब्द शतकानुशतके त्यांच्या नमाजी घरांत नांदत आहेत आणि त्यामुळे कोणाच्या श्रद्धेला उणेपणा आलेला नाही. तिकडे जॉर्जियाच्या अजारिया भागात अनेक मुस्लीम कुटुंबांची घरातली भाषा जॉर्जियनच. “तुमची भाषा उर्दू ना? मग मराठी इतकी चांगली कशी?” असे आपल्या मुलांना विचारले जाते, तेव्हा हे दाखले हाताशी असावेत. भाषा तिची, जो ती बोलतो.

ती टिकवावीही लागते. १४ एप्रिल १९७८ रोजी तिबिलिसीत हजारो लोक रस्त्यावर उतरले, कारण सोव्हिएत काळातल्या नव्या राज्यघटनेतून जॉर्जियनचे राजभाषापद काढले जाणार होते. सरकारला माघार घ्यावी लागली. ती तारीख तिथे आज भाषेचा दिवस म्हणून पाळतात.

तेव्हा दोन भाषा म्हणजे ओढाताण नव्हे, ती शिदोरी आहे. ‘मुलाला कशाला गोंधळात टाकायचे’ म्हणून घरातली एक भाषा बंद करू नका. मूल परदेशी निघाले असेल तर तिकिटाबरोबर तिथल्या लिपीचा तक्ताही घ्या. रोज पाच अक्षरे घेतली तर जॉर्जियनची ३३ अक्षरे आठवड्यात होतात. आणि घरात वयस्कर माणूस असेल तर त्यांना चाळीस मोजायला सांगा. ते ‘दोन विसा’ म्हणाले, तर मुलांना सांगा की जॉर्जियनमध्ये चाळीसला ‘ओर्मोत्सी’ म्हणतात, आणि त्याचाही अर्थ दोन विसा असाच आहे.