इंग्लिश की काश्मिरी? आधी चेंडू बघा
मैदानकाठ । मिडऑन

परीक्षा आटोपत आल्या की सोलापुरातल्या खेळसाहित्याच्या दुकानांत एकच वाद ऐकू येतो. मुलाला इंग्लिश विलोच्या लाकडाची बॅट हवी असते, वडिलांची नजर किमतीच्या चिठ्ठीवर असते आणि दुकानदार दोघांच्या मध्ये काश्मिरी बॅट धरून उभा असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. शाळकरी वयातल्या बहुतेक मुलांना इंग्लिश विलोची गरज नाही. ती घेऊन दिली नाही म्हणून कुठल्याही पालकाने मनाला लावून घेऊ नये.

पहिला प्रश्न लाकडाचा नाहीच, चेंडूचा आहे. मुलगा गल्लीत, शाळेच्या पटांगणात टेनिस बॉलने खेळतो, की अकादमीत लेदर बॉलने? लेदर बॉल १६० ग्रॅमच्या आसपास भरतो, साधा टेनिस बॉल त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. टेनिस बॉलच्या बॅटी बहुधा मागून कोरून हलक्या केलेल्या असतात आणि त्या काश्मिरी विलोच्या किंवा पॉप्लरच्या असतात. त्या खेळाला तेवढं लाकूड पुरतं. ती बॅट घेऊन लेदर बॉलसमोर उभं राहिलं, तर मात्र ती फार दिवस टिकत नाही. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे सांगतो.

आता लेदरचं बघू. इंग्लिश विलो हा पांढऱ्या विलोचा एक प्रकार, शास्त्रीय नाव सॅलिक्स अल्बा सेरुलिया. इंग्लंडमध्ये एसेक्स, सफोक भागात ओढ्याकाठच्या ओलसर जमिनीत तो खास बॅटसाठी लावतात. पंधरा-वीस वर्षांत झाड तोडणीला येतं. लाकूड हलकं, मऊ, पण चिवट. चेंडू आदळला की ते किंचित दबतं आणि चेंडूला जोराने परत धाडतं. काश्मिरी विलो त्यापेक्षा घट्ट, जड आणि रंगाने तांबूस. त्याच आकाराची बॅट काश्मिरीत जड भरते आणि चेंडूला तेवढी उसळी देत नाही. फरक खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण बारा वर्षांच्या मुलाचं मनगट अजून तयार व्हायचं असतं. त्याला तो फरक धावांत क्वचितच दिसेल. घरच्यांना तो खर्चात मात्र लगेच दिसतो, कारण काश्मिरी बॅट दोन-तीन हजारांत येते आणि बऱ्यापैकी इंग्लिश बॅट आठ-दहा हजारांच्या पुढे जाते.

काश्मिरी म्हणजे हलका माल, हा समज तर मोडायलाच हवा. अनंतनागजवळ संगम, हलमुल्ला, बिजबेहारा इथे महामार्गाच्या दोन्ही बाजूंना विलोच्या फळ्यांच्या चळती वाळत ठेवलेल्या असतात. तिथल्या कारागिरांनी आपल्या बॅटी आता आंतरराष्ट्रीय सामन्यांपर्यंत नेल्या आहेत. २०२२च्या टी-२० विश्वचषकात यूएईच्या जुनैद सिद्दीकीने श्रीलंकेविरुद्ध १०९ मीटरचा षटकार मारला, तो काश्मिरी विलोनेच. उलट, ज्या बॅटला आपण इंग्लिश म्हणतो, तिचं फक्त लाकूड इंग्लंडचं असतं. ओंडके फोडून केलेले तुकडे भारतात येतात आणि बॅट घडते ती बहुधा मेरठ किंवा जालंधरला. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी या दोन शहरांत हा धंदा उभा केला.

ग्रेडच्या नावाखाली मात्र गिऱ्हाइकाची खरी दिशाभूल होते. ग्रेड वन, ग्रेड टू ही प्रतवारी मुख्यतः दिसण्यावर ठरते. रेषा किती सरळ आहेत, डाग किती आहेत, हे त्यात बघतात. एक रेषा म्हणजे झाडाचं एक वर्ष. रेषा बारीक आणि पुष्कळ असतील, तर बॅट लवकर खुलते, पण आयुष्य कमी. रुंद रेषांची बॅट उशिरा खुलते आणि जास्त टिकते. सराव जास्त आणि सामने कमी असलेल्या मुलाला ही दुसरी बॅट केव्हाही बरी. ‘बटरफ्लाय’ म्हणून ओळखले जाणारे तपकिरी डाग दिसले की पालक बॅट बाजूला ठेवतात, पण ते लाकूड चांगलं दणकट असतं. सावध राहायचं ते पूर्ण पात्यावर स्टिकर चिकटवलेल्या किंवा रसायनाने पांढऱ्या केलेल्या स्वस्त ‘इंग्लिश’ बॅटीपासून. तिथे लाकूड बघायलाच मिळत नाही. त्याच पैशांत उत्तम काश्मिरी बॅट येते आणि हा सौदा मी डोळे झाकून करेन.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची कोरडी होळी. विलोत थोडा ओलावा राहावाच लागतो. तो उडाला की पातं तडकतं. पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत बॅट ठेवू नका. तेल लावायचं ते कच्चं जवसाचं, जे घाण्यावर मिळतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल नको, त्यात लवकर वाळण्यासाठी रसायनं घातलेली असतात. पुढची बाजू, कडा आणि तळ यांवर पातळ हात फिरवायचा, बॅट आडवी ठेवून रात्रभर मुरू द्यायची. नवी बॅट जुन्या चेंडूने आणि मॅलेटने (लाकडी हातोड्याने) आठवडाभर ठोकल्याशिवाय नव्या चेंडूसमोर काढायची नाही. एवढी निगा राखली नाही, तर वीस हजारांची बॅटसुद्धा एका मोसमात जाते.

बॅटवरच्या नावावर खेळ ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची क्रिकेटपटू किरण नवगिरे आपल्याच जिल्ह्याची. मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरातविरुद्ध तिने ४३ चेंडूंत ५३ धावा केल्या, तेव्हा तिच्या बॅटवर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. धोनीवरच्या प्रेमापोटी तिने हाताने ‘एमएसडी ०७’ लिहिलं होतं. शेतकऱ्याच्या घरातली ही मुलगी भारताकडून खेळली. तिच्यासारख्या किती मुली मोहोळ, सांगोला, मंगळवेढ्यात बॅटीवाचून अडल्या असतील, ही रुखरुख मला लागून राहते.

यावर उपाय आपल्या हातात आहे. सोलापूरच्या पार्क मैदानावर सराव करणाऱ्या क्लबांनी आणि अकादम्यांनी वेगवेगळ्या मापांच्या चार-सहा चांगल्या बॅटी सामायिक ठेवाव्यात. सोळाव्या-सतराव्या वर्षी निवड चाचणीला जाणाऱ्या मुलाला इंग्लिश बॅट लागते; ती त्याने तिथून उचलावी, सामना झाला की परत करावी. ज्यांच्या घरी मूठ सैल झालेली, पण पातं शाबूत असलेली इंग्लिश बॅट कपाटावर पडून आहे, त्यांनी ती मूठ बदलून तालुक्याच्या एखाद्या शाळेला द्यावी. या सुट्टीत बॅट घ्यायला निघालेल्या पालकांना एवढीच विनंती: आधी काश्मिरी घ्या आणि वाचलेल्या पैशांत हेल्मेट, पॅड आणि ग्लोव्हज चांगल्या दर्जाचे घ्या.