गाडीची बोंब

घराला कुलूप लावता येते, गाडीलाही लावता येते. पण घरच गाडीवर चढून बसले, तर कुलूप कशाला लावावे? हा प्रश्न यंदा आमच्या कुटुंबापुढे उभा राहिला. माझ्या पुतण्याने बँकेचे कर्ज काढून एक फिरते घर तयार केले आहे. मोठ्या व्हॅनच्या पोटात चार बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि पडदासुद्धा! महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ते वाचून हे खूळ त्याच्या डोक्यात शिरले. परिवहन कार्यालयाची रीतसर मंजुरी घेऊन तो आता कुटुंबांना कोकणात, नाशकाला हिंडवून आणतो. त्यावर बँकेचा हप्ता फिटतो.

गाडी हिंडते तोवर काळजी नाही. काळजी आहे ती ती रात्री विसावते तेव्हाची. आम्ही राहतो भिवंडीच्या निजामपुऱ्यात. आमच्या या वस्तीचे नाव थेट महानगरपालिकेच्या नावात जाऊन बसले आहे, पण गल्लीत एवढी गाडी बसायला जागा नाही. ती उभी असते कोपऱ्यावर, यंत्रमागांच्या शेडला लागून. चार भिंतींच्या घरात चोरी झाली, तर भांडीकुंडी जातात, घर राहते. इथे भांड्यांसह घरही निघून जाईल आणि मागे उरेल तो फक्त हप्ता!

तेव्हा धोक्याचा भोंगा बसवायचे ठरले. हप्ता पुतण्याचा असला, तरी कर्जाला जामीन मी असल्यामुळे वायरमनशी बोलणी मीच केली.

त्याने प्रथम दाखवला तो हादऱ्यावर चालणारा भोंगा. गाडीला कोणी धक्का दिला की आतली डबी तो ओळखते आणि भोंगा ओरडू लागतो. वायरमनने बोनेटवर डबी टेकवून तारा जोडल्या, तोच रस्त्याने सुताची बाचकी भरलेला टेम्पो गेला आणि भोंगा किंचाळला. टेम्पो गेला, भोंगा थांबला. पण शेजारच्या शेडमधले माग चालूच होते, त्यांच्या हादऱ्याने तो पुन्हा सुरू झाला. एक लहान मूल सोडले, तर गल्लीत कोणी मान वळवून पाहिले नाही.

समोरचे मागवाले चाचा हसत म्हणाले, "मास्तर, इथे माणसाने शेजारच्याला मारलेली हाक ऐकू येत नाही. तुमची गाडी चोराला भिऊन ओरडली की टेम्पोला भिऊन, हे आम्ही कसे ओळखायचे?"

चाचांच्या या वाक्यात साऱ्या विद्येचे सार आहे. भोंगा चोराला पकडत नाही. तो शेजाऱ्यांना हाक मारतो. हाकेला ओ देणारे कोणी नसेल, तर तो नुसता गोंगाट. त्यातून दिवाळी! एका सुतळी बॉम्बला दहा गाड्या ओरडतात आणि लोक पांघरूण डोक्यावर ओढतात. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तीच गोष्ट आता गाड्या आपल्याला सांगू लागल्या आहेत.

मग आम्ही हादऱ्याची डबी परत केली आणि दारे-खिडक्यांना चुंबकाच्या कळा बसवल्या. दार उघडले की चुंबक कळीपासून दूर जातो आणि भोंगा वाजतो. माग हलोत की टेम्पो जावो, त्याला सोयरसुतक नाही. प्रवासी आत झोपलेले असतानाही या कळा चालू ठेवता येतात. माणसाच्या हालचालीवर चालणारे यंत्र मात्र अशा वेळी बंद ठेवावे लागते, नाहीतर मध्यरात्री कूस बदलणारे आजोबाच चोर ठरायचे!

दुसरी व्यवस्था मुकी आहे. चोरकळ दाबल्याशिवाय स्टार्टरला वीजच पोहोचत नाही. ही कळ कुठे आहे, ते दिवाळी अंकात छापण्याइतका मी भोळा नाही. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना इंजिन अडवणारे यंत्र सक्तीचे केले, तेही असेच न ओरडता काम करते. मात्र एक गोष्ट वायरमनला बजावून सांगावी: अडवायचे ते इंजिन सुरू होणे, चालते इंजिन नव्हे. कसारा घाटात एखादी तार निसटली आणि भरल्या गाडीचे इंजिन बंद पडले, तर चोर परवडला म्हणावे लागेल.

तिसरी गोष्ट हिशेबाची. भोंगा गप्प असतानाही वीज खातो. आमचा पंचवीस मिलिअँपिअर खातो, म्हणजे महिन्याला सुमारे अठरा अँपिअर-तास. आमची बॅटरी पंचाहत्तरची. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली, तर निम्मी बॅटरी चोराआधी भोंगाच फस्त करील. म्हणून पंधरा दिवसांनी इंजिन सुरू करून गाडी फिरवून आणायची. आणि तारेला बॅटरीजवळच फ्यूज हवा; चोरापासून वाचवलेले घर ठिणगीने जाऊ नये.

एवढे झाल्यावर मी आणि पुतण्या गल्लीत घरोघर गेलो. भोंगा एकदा वाजवून दाखवला, आमचे फोन नंबर दिले, आणि विनाकारण ओरडला तर हक्काने उठवा, असे सांगितले. चाचांच्या शेडमध्ये रात्रपाळीला माणसे जागी असतात. त्यांचा मुकादम म्हणाला, "मास्तर, कांडी बदलायला उठलो की तुमच्या गाडीकडेही नजर टाकीन." इतका भरवशाचा पहारा कोणत्या दुकानात विकत मिळतो?

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत आपणही घराला कुलूप घालून गावी जाल. भोंगा जरूर बसवा. पण जाण्यापूर्वी फराळाचे ताट शेजारी नेऊन द्या, आणि आपला भोंगा कसा वाजतो तेही त्यांना ऐकवा. चोराच्या उलट्या बोंबा आपण पुष्कळ ऐकल्या. आपली सुलटी बोंब ऐकून कोणी धावून यावे, यासाठी माणसे आधी जोडावी लागतात, तारा मागाहून.